पाणी आणायला गेलेला

दात हातातून सुटला तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते. वरच्या जबड्यातला डाव्या बाजूचा सुळा, एका निवृत्त शिक्षिकेच्या कवळीतला. मऊ केलेल्या मेणात तो अलगद बसवायचा, एवढंच काम. पण मेणापर्यंत पोचायच्या आधीच माझ्या बोटांनी त्याला सोडलं, तो टेबलावर दोनदा उडाला आणि बर्नरच्या पायाशी जाऊन आडवा पडला. एकतीस वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो आहे. माझ्या हातचे दात घालून लोकांनी भाषणं ठोकली, भांडणं केली, एका गृहस्थांना तर माझ्या कवळीसकट पुरलं. इतक्या वर्षांत हातून दात कधी पडलाच नाही असं नाही, पण तेव्हा मी धांदरटपणा केलेला असे. या वेळी मी काहीच केलं नव्हतं. समोर पॉलिशच्या मशीनवर बसणाऱ्या बाईंनी मान वर केली. "उपाशी आलात वाटतं?" "नाही, चहा जास्त झाला," मी म्हणालो, आणि उजवं मनगट डाव्या हातात धरून, हात पोटाशी घेऊन, काही विचार करत असल्यासारखा खिडकीबाहेर बघत राहिलो. चौदा महिने हे चाललं होतं. बारीक कामं मी सकाळी उरकत होतो, कारण सकाळी हात जरा शहाणा असतो. सह्या टाळत होतो. घरी कप अर्धाच भरत होतो. दोन महिन्यांत तीन कवळ्या परत आल्या होत्या, एका म्हातारबाबांच्या हिरडीला जखम झाली होती, आणि मालकांनी साच्याच्या नव्या प्लास्टरला दोष दिला तेव्हा मीही त्यांच्या सुरात सूर मिसळून प्लास्टरला चार शिव्या हासडल्या होत्या. प्लास्टर बिचारं काय बोलणार.

त्याच आठवड्यात मी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगितली, आतून बाहेर जाणारी. मी काढली. ती करवतीच्या पात्यासारखी आली. त्यांनी माझी कोपरं वाकवून पाहिली, चालायला लावलं, आणि मग पेन बाजूला ठेवून म्हणाले, "दोन शक्यता आहेत. एक म्हणजे घराण्यातून येणारा कंप. तो पिडतो, काम बंद पाडतो, पण माणसाला मारत नाही. लोक तो घेऊन नव्वदीपर्यंत जगतात. दुसरा आजार वेगळा. तो हळूहळू सगळंच घेतो. तुमच्यात दोन्हींच्या खुणा थोड्या थोड्या दिसतात. आणखी तपासण्या करूच. पण आधी सांगा, वडील, आजोबा, कुणाचा हात हलत होता का?" आणि मी, चौपन्न वर्षांचा शहाणा माणूस, ताठ बसून म्हणालो, "आमच्या घराण्यात कुणाचा हात हललेला नाही. आम्ही तोफखान्यातले." डॉक्टरांनी तो कागद माझ्याकडे फिरवला. "हलला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

जिना उतरताना मला हसू आलं. म्हणजे मला आता घराण्यात एक थरथरणारा माणूस हवा होता, आणि आमच्याकडे नेमका तेवढाच माल शिल्लक नव्हता. आमचं सगळं घराणं एका माणसावर उभं होतं: माझे खापरपणजोबा. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका लढाईत, बाकीचं सैन्य मागे हटल्यावरही जी एक तोफ चालू राहिली, तिच्यावरच्या आठ माणसांतले ते एक. आठही जण जागच्या जागी मेले. लढाईच्या मैदानाशेजारच्या चर्चमध्ये भिंतीवर त्यांची नावं कोरलेली आहेत. हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून पाठ होतं, कारण आत्याने ते पाठ करून घेतलं होतं. मी नऊ वर्षांचा असताना बाबा गेले. विजेच्या खांबावर काम करत होते, पाय घसरला. आई दिवसभर नोकरीवर. बाबांच्या या थोरल्या बहिणीनेच मला वाढवलं, आणि आई गेल्यानंतर आता घरात आम्ही दोघंच, ती अठ्ठ्याऐंशीची आणि मी बिनलग्नाचा. आमच्या घरातल्या पुरुषांची एक बैठक आहे. चारचौघांत बसलं की उजवं मनगट डाव्या हातात घट्ट धरायचं आणि दोन्ही हात पोटाशी ठेवायचे. उभं राहिलं की तेच, पाठीमागे. तोफखान्याची शिस्त म्हणे. घरातल्या प्रत्येक फोटोत पणजोबा, आजोबा, बाबा तसेच बसले आहेत. चार वर्षांचा असताना मी ती शिकलो, आत्याच्या हातातल्या लाकडी पट्टीच्या धाकाने. मुलींना ही शिस्त नव्हती. आत्या आजही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते.

तिला मी डॉक्टरांचं नाव न काढता विचारलं, "आत्या, आपल्यात कधी कुणाचा हात हलायचा का गं?" ती माझ्या शर्टाचं बटण लावत होती. "कुणाचा हलेल? बत्ती घेऊन उभा राहिलेल्या माणसाचं रक्त आहे आपलं." "मी तिकडे जाऊन यावं म्हणतो. चर्चमध्ये जुन्या नोंदी असतील. कोण कशाने गेलं ते लिहिलेलं असतं." दोरा तिने दाताने तोडला. "भिंतीवर नाव आहे, तेवढं पुरे नाही का? उगाच हात दाखवून अवलक्षण. आजवर घरातलं कुणी गेलं नाही तिथे." हे खरंच होतं, आणि किती विचित्र होतं ते मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. ज्या जागेच्या जिवावर चार पिढ्या ताठ मानेने जगल्या, ती जागा सहा तासांच्या अंतरावर होती, आणि कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

मैदान बघून माझी निराशा झाली. गवत, एक उतार, खाली झाडांच्या रांगेआड ओढा, आणि वर मधोमध कुंपण घातलेली एक काळी तोफ, तिच्या तोंडात कुणीतरी सरबताचा रिकामा डबा कोंबलेला. तिथला गाईड निवृत्त शिक्षक होता आणि त्याला श्रोत्यांची भूक होती. तोफेला आठ माणसं का लागत ते तो सांगत होता: एक दारू भरणारा, एक गोळा सरकवणारा, एक बत्ती देणारा, आणि प्रत्येक बार उडाल्यावर नळी ओल्या बोळ्याने पुसणारा, कारण आत एखादी ठिणगी राहिली तर पुढची दारू भरतानाच पेट घ्यायची. मी फक्त विचारलं की चर्च कुठे आहे, आमचे खापरपणजोबा त्या आठांत होते. झालं! त्याने दोन्ही हात वर करून सगळ्यांना हाक मारली. "अहो इकडे या, वंशज आलेत, वंशज!" दहा-बारा माणसं माझ्याभोवती जमली. एका बाईंनी विचारलं, फोटो काढू का, जरा तोफेवर हात ठेवता का. मी डावा ठेवला. "उजवा ठेवा ना, ऊन तिकडून येतंय." मी उजवा ठेवला. लोखंड तापलेलं होतं आणि माझी बोटं त्याच्यावर टकटक वाजायला लागली. बारीक आवाज, बंद दारावर कुणी भीत भीत टिचक्या माराव्यात तसा. बाईंनी कॅमेरा खाली घेतला. "भरून आलंय त्यांना," त्या हळूच नवऱ्याला म्हणाल्या. मी होकारार्थी मान हलवली आणि मनगट धरून चर्चच्या दिशेने निघालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

चर्च लहान होतं, जाड भिंतींचं, आणि आत थंडगार. लढाईनंतर तीन दिवस जखमींना इथेच आणून झोपवलं होतं असं दारावरच्या पाटीवर होतं, आणि ते वाचल्यावर मला जमिनीवरच्या फरश्यांवर नीट पाय टाकवेना. प्रत्येक फरशीवर कुणीतरी पडलेलं आहे, मी वाट काढत चाललो आहे, असं वाटायला लागलं. उजवीकडच्या भिंतीवर दगड होता. आठ नावं. आमचं आठवं, सगळ्यात खाली. ते वाचताना, इतकी वर्षं पाठ असूनही, माझ्या अंगावर काटा आला. आपलं नाव लिहिलेलं पत्र कुणीतरी आधीच फोडून वाचलंय असं काहीतरी वाटलं. फादर तरुण होते, त्यांना सर्दी झाली होती आणि नोंदवह्यांच्या धुळीने ती वाढणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी कपाट उघडलं. "तुमच्यासारखे खूप येतात," नाक पुसत ते म्हणाले. "सगळ्यांचे पूर्वज शूर. पळून गेलेल्याचा वंशज अजून एकही आला नाही. त्यांना बहुतेक मुलंच झाली नसावीत." मी त्यांना लढाईचं वर्ष सांगितलं. त्या वर्षीच्या दफनांत सात नावं सापडली. सातच. आठवं नव्हतं. फादरांनी पान पुढे उलटलं, मागे उलटलं, मग दुसरी वही काढली, मग तिसरी, आणि मला वाटायला लागलं की आता ते थांबले तर बरं. "हे बघा," ते म्हणाले. "इथे आहेत. पण लढाईनंतर एकेचाळीस वर्षांनी."

त्यांनी वाचून दाखवलं, सर्दीच्या आवाजात, अडखळत. वय एकोणऐंशी. या चर्चचा झाडूवाला आणि कबरी खोदणारा. उजवा हात तरुणपणापासून हलत असे, त्यामुळे बत्ती धरता येत नसे आणि दारू सांडत असे. म्हणून लढाईच्या दिवशी सोबत्यांनी त्याला तोफेवरून काढून ओढ्यावर पाणी आणायला पाठवले. तो परत आला तेव्हा सातही जण मेलेले होते. त्यांच्या कबरी त्यानेच खोदल्या. भिंतीवरची नावे हजेरीपटावरून कोरली गेल्याने याचेही नाव मृतांत आले. ते पुसू का असे विचारले असता नको म्हणाला. गावात त्याला 'मेलेला' म्हणत. एक मुलगा, शहरात आहे, त्याला कळवले, आला नाही. फादर थांबले. मग बोटाने पानाच्या कडेला दाखवत म्हणाले, "आणि हे त्यांचंच. प्रत्येक दफनापुढे खोदणाऱ्याने निशाणी करायची पद्धत होती." प्रत्येक नोंदीपुढे एक आडवी रेघ होती. एकेचाळीस वर्षांच्या रेघा, पानामागून पान. माझं आयुष्य तोंडाच्या आतल्या केसाएवढ्या उंचसखलपणावर गेलेलं आहे. मला रेघ कळते. प्रत्येक रेघ सुरुवातीला ठीक होती, मध्यावर दातेरी झाली होती आणि शेवटी पुन्हा दाबून सरळ केलेली होती. मी माझी सही अशीच संपवतो. "अहो, तुम्ही हसताय," फादर म्हणाले. मी हसत होतो. मी त्या थंड खोलीत, हजारभर मेलेल्यांच्या यादीवर ओणवा होऊन, लग्नाचं पत्र आल्यासारखा हसत होतो. सापडला! एकोणऐंशी वर्षं जगला! मी मरणार नव्हतो, निदान या हाताने तरी नाही. फादरांनी मला पाणी दिलं आणि मी ते दोन्ही हातांनी धरून प्यायलो, लपवलं नाही. "फावड्याला हात हललेला चालतो," ते सहज म्हणाले, आणि शिंकले.

मग उजवं मनगट आपोआप डाव्या हातात गेलं आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं. तोफखान्याची शिस्त कसली आली आहे! ही धरून ठेवण्याची बैठक होती. फोटोतले ते सगळे ताठ पुरुष आपापला हात आवळून बसले होते, छायाचित्रकाराने "आता श्वास रोखा" म्हणेपर्यंत, आणि नंतरही. आणि बाबा. बाबा रोज सकाळी कामावर जाताना माझ्यापुढे गुडघ्यावर बसत, मान वर करत, आणि मी त्यांच्या कॉलरचं बटण लावत असे. "तुझी बोटं बारीक, तुलाच जमतं," ते म्हणत. त्यांच्या गळ्याला साबणाचा वास येई. पंचेचाळीस वर्षं मी तो वास उगाळत होतो. मला वाटत होतं, हे लाड होते. लाडही असतील. पण माझ्या वडिलांना स्वतःचं बटण लावता येत नव्हतं, आणि त्यानंतर ते खांबावर चढायला जात होते.

बसला वेळ होता. मी पुन्हा मैदानावर गेलो, या वेळी सरळ ओढ्याकडे. गाईड दुसऱ्या घोळक्याला आठही जण जागच्या जागी कसे मेले ते सांगत होता. उतार उतरायला मला नऊ मिनिटं लागली. खाली झाडी इतकी दाट की वरचं काहीच दिसत नाही. आवाजही विचित्र येतात, माणसं बोलतात ती मागून बोलल्यासारखी वाटतात. मी बाटली भरली आणि चढायला लागलो. झाकण मुद्दाम लावलं नाही. हात पुढे धरला की पाणी हिंदकळून मनगटावरून बाहीत जात होतं. चढ चौदा मिनिटांचा होता. म्हणजे जाऊन येऊन तेवीस. त्याने किती लावली असतील? मी अर्ध्यावर थांबलो, आणि मला अगदी स्पष्ट, डोक्यात नव्हे, कानात, वाटलं की वर कुणीतरी वाट बघतं आहे. सात माणसं. नळी तापली आहे, बोळा कोरडा आहे, आणि एक जण वैतागून दुसऱ्याला म्हणतो आहे, कुठे मेला तो, अजून पाणी आलं नाही. पाणी वेळेवर आलं असतं तर ते वाचले असते का? बहुतेक नाही. पण हा प्रश्न त्या माणसाने एकेचाळीस वर्षं रोज स्वतःला विचारला असणार, भिंतीवरच्या आपल्या नावाखाली झाडू मारताना. नाव पुसायला तो नको का म्हणाला ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्याच्या मते दगड बरोबर होता, चूक तो स्वतः होता. आणि मी, त्याचा वंशज, तासाभरापूर्वी त्याच्या लाजेवर टाळ्या पिटत होतो. मला माझी शरम वाटली आणि तरीही जगायला मिळणार याचा आनंद जाईना. वर पोचलो तेव्हा बाटली अर्धी होती. तोफेजवळ कुणी नव्हतं. ते पाणी काय करावं ते मला कळेना. शेवटी कुंपणाच्या आत, गवतावर ओतलं, आणि मागे न बघता रस्त्याला लागलो. रस्त्यापर्यंत माझ्या मागून पावलं येत होती. माझीच असतील.

बस बदलताना रात्र वाटेतच काढावी लागली; दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. आत्या खिडकीशी बसून काहीतरी टाचत होती. "नाव आहे ना भिंतीवर?" तिने मान वर न करता विचारलं.

"आहे. त्याच्याखाली त्याने एकेचाळीस वर्षं झाडू मारला."

मी तिला सगळं सांगितलं. ओढा, हजेरीपट, रेघा, मेलेला. ती टाचतच राहिली. शेवटी मी माझा उजवा हात तिच्या मांडीवरच्या कापडावर ठेवला आणि सोडून दिला. तो हलायला लागला. तिने सुई कापडात खोचली.

"तू कप अर्धा भरतोस ते मला दिसत नाही होय?" ती म्हणाली.

"बाबांचाही हलायचा ना?"

तिने खोचलेल्या सुईतून दोरा ओढून काढला. मग बोलली ती सरळ, एखादं सामान उतरवून ठेवावं तशी. "माझ्या आजोबांनी, म्हणजे तुझ्या पणजोबांनी, मरताना सांगितलं होतं, 'माझा बाप तोफेवर नव्हता.' मी सात वर्षांची होते, एकटीच होते खोलीत. कुणाला बोलले नाही. तुझ्या बापाचा हात तिसाव्या वर्षी सुरू झाला. शेवटच्या महिन्यात मला म्हणाला, ताई, ऑफिसात सांगून टाकतो, खांबावरून काढा म्हणतो, खाली बसायचं काहीतरी द्या. मी म्हटलं, सांगितलंस तर घराण्याचं नाक कापशील. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहिला तो. माझा शब्द त्याने कधी मोडला नाही." तिने कापडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "अकरा दिवसांनी पडला. पाय नव्हता घसरला."

मला तिचा भयंकर राग आला. इतका की मी उठून उभा राहिलो आणि काय करायला उठलो तेच विसरलो. पंचेचाळीस वर्षं ती माझ्यासमोर जेवली होती, माझी बटणं लावली होती, मला मनगट धरायला शिकवलं होतं, हे ठाऊक असताना. आणि दुसरं कुणी नव्हतंच मला. आपलेच दात, आपलेच ओठ. ती एवढीशी दिसत होती खुर्चीत. तिला काही म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच.

"मी मालकांना सांगणार आहे. आता."

"नको रे सांगू," आत्या म्हणाली. तत्काळ, नेहमीच्या आवाजात, चहात साखर नको म्हणावं तसं. आणि मग तिने स्वतःचंच बोलणं ऐकलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. 

मी फोन काढला. पहिल्यांदा बोट भलत्याच नावावर पडलं, तो फोन घाईने कापला. दुसऱ्यांदाही तेच. मी मनगट धरलं नाही. तिसऱ्यांदा घंटी वाजली, आणि पलीकडून पॉलिशच्या मशीनची घरघर आणि मालकांचा आवाज एकदमच आले. "हां, बोला, आलात का परत?"

"आलो," मी म्हणालो. "मालक, माझा उजवा हात हलतो. चौदा महिने झाले. माझ्या वडिलांचाही हलायचा."